पाठ असलेले नंबर

त्या परक्या शहरात मावशीला ओळखणारी माणसं पंधरा-वीस, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मते ती घाबरट होती. आता त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! मायदेश सोडून पळून आलेली ही मंडळी, बहुतेक एकाच बंदराच्या गावची. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायची, तिकडच्या सरकारला मनसोक्त शिव्या घालायची, आणि वर्षातून दोनदा वकिलातीसमोर फलक धरून उभी राहायची. मावशी एकदाही गेली नाही. "माझे पाय दुखतात," म्हणायची. हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत आठ-आठ तास उभ्यानं चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईचे पाय दुखणारच. पण ते नेमके निदर्शनाच्या दिवशीच कसे दुखतात, हे न कळायला लोक काही दूधखुळे नव्हते.

बाजू घ्यायची ती एकटी भाची. "माझ्या मावशीनं मला सात वर्षांची असताना हाताला धरून सरहद्दीपार आणलं," ती फणकाऱ्यानं सांगायची. "तुमच्यापैकी कितीजण दुसऱ्याचं पोर घेऊन पळाले?" भाची आता इस्पितळात नर्स होती, दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या, आणि एकोणीस वर्षांत मावशीनं मागचं काही म्हणून काढलं नव्हतं. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

आणि मग तिकडे उठाव झाला. आधी बसवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, मग दुकानं बंद झाली, आणि तिसऱ्या दिवशी अख्खं गाव चौकात उतरलं. प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर सत्तावीस वर्षं एकाच माणसाचा फोटो होता. पोरांनी तो फोटो काढून जमिनीवर पालथा घातला, आणि इकडे सातासमुद्रापलीकडे मोबाईलवर ते बघताना माणसं ढसाढसा रडली. चौथ्या दिवशी गोळीबार झाला. पाचव्या दिवशी सकाळी सरकारनं इंटरनेट आणि मोबाईल एका फटक्यात तोडले, आणि इकडच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कोण जिवंत, कोण गेलं, काही कळायला मार्ग नाही.

चालू होते ते फक्त जुने तारेचे फोन, कारण सरकारच्या स्वतःच्या कचेऱ्या त्यांच्यावर होत्या. पण घरातल्या त्या फोनचा नंबर आता कुणाच्या लक्षात असतो?

"मावशी," भाची म्हणाली, "तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतीस ना?"

मावशी टॉवेलच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "घंटाघराजवळचं औषधाचं दुकान, दोन चार एक सात. सुरुवातीला तीनचा आकडा लाव, नंतर वाढवला होता त्यांनी."

भाचीनं नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजली, आणि कुणीतरी खोकत म्हणालं, "औषधाचं दुकान, बोला."

झालं! तासाभरात बातमी सगळीकडे. जिला कालपर्यंत घाबरट म्हणत होते, तिच्या स्वयंपाकघरात दुपारपासून रांग लागली. चार खुर्च्या कमी पडल्या म्हणून भाचीनं पलंग ओढून आणला. मावशीला नवं नाव पडलं, डिरेक्टरी. माणूस घर कुठे ते सांगायचा, मावशी डोळे मिटायची आणि चार आकडे बाहेर पडायचे. शाळा, पाव भाजणारा, सायकलवाला, बंदरावरचा वजनकाटा. एकाला तर त्याच्या सासूचा नंबर नको असताना मिळाला, आणि सासू त्याला फोनवरच इतकं बोलली की सगळं घर त्या पाच दिवसांत पहिल्यांदा हसलं. "बघा," तो डोळे पुसत म्हणाला, "क्रांती झाली, पण ही बाई आहे तशीच आहे."

प्रत्येकालाच स्वतःच्या घरचा नंबर मिळाला असं नाही. सलूनवाल्यानं त्याच्या म्हाताऱ्या आईचं घर सांगितलं तेव्हा मावशी क्षणभर थांबली. "तो नाही आठवत बाबा. समोरच्या शिंपिणीचा घे. ती आईला हाक मारेल." अशी ती सहा-सातजणांना म्हणाली. वय झालंय, विसरली असेल, लोक म्हणाले.

ती काही विसरली नव्हती.

मावशीच्या डोक्यात नंबरांचे दोन कप्पे होते. पहिल्या कप्प्यात गावातले सगळे साधे नंबर, रोज हाताखालून जाऊन पाठ झालेले. दुसऱ्या कप्प्यातले नंबर तिनं मुद्दाम पाठ केले होते, कारण तिला ते पाठ करायलाच लावले होते. एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत लोखंडी चौकटीवरच्या पट्ट्यांवर गावातल्या प्रत्येक फोनची तार आपापल्या जागी येऊन टेकायची. दर शनिवारी वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ चिठ्ठी घेऊन यायचा. चिठ्ठीवर दोन-तीन नंबर. मावशीनं ते त्याच्यासमोर उभं राहून पाठ करायचे, म्हणून दाखवायचे, आणि चिठ्ठी परत त्याच्या खिशात. कागद मागे उरता कामा नये, हा नियम. मग तो गेला की त्या नंबरांच्या तारांना एकेक पितळी चिमटा लावायचा. चिमट्याची तार वरच्या मजल्यावर जायची. तिथे कोण बसतं, काय ऐकतं, मावशीनं कधी विचारलं नाही. मी फक्त चिमटा लावते, असं ती स्वतःला चौदा वर्षं सांगत आली. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगू शकतो!

तेव्हा आता ती काय करत होती, तर दुसऱ्या कप्प्यातलं घर निघालं की "आठवत नाही" म्हणून शेजाऱ्याचा नंबर देत होती. सापही मरावा आणि काठीही मोडू नये. दोन दिवस हे छान निभावलं. तिसऱ्या दिवशी ती लाँड्रीतून दुपारी आली ती पाय ओढतच, कपडेसुद्धा न बदलता रांगेपुढे बसली. आणि पुढे आले मास्तर.

मास्तरांना सगळेच मानत. गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. चार वर्षं तुरुंगात काढली होती, तिथून सुटल्यावर काही वर्षांनी इकडे आले होते. बायको आणि मुलगा तिकडेच. तो एकवीस वर्षांचा मुलगा चौकात कर्णा घेऊन ओरडताना सरकारी टीव्हीवर दिसला होता, आणि त्याच दिवसापासून पोलीस त्याला शोधत होते. कुठे लपलाय ते फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं.

"बोटीच्या वायरलेसवरून एका खलाशाचा निरोप आलाय," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "उद्या पहाटे जुन्या धक्क्यावरून एक बोट सुटतेय. त्याला घेतील. तेवढं त्याच्या आईला सांगितलं की झालं. ताई, आमचं घर दीपगृहाच्या गल्लीत, दुसरं..."

"दोन नऊ सहा तीन," मावशीच्या तोंडून निघून गेलं. "चौथी पट्टी, सतरावी जागा."

मास्तरांनी आकडे तळहातावर लिहूनही घेतले. मग पेन थांबलं. "मी अजून घर पुरतं सांगितलंच नाही."

"त्या गल्लीत... फोन कमीच होते."

"पट्टी कसली?"

"काही नाही हो. आमची बोलायची पद्धत."

"देव तुमचं भलं करो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन पुढे ओढला.

गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. उद्या धक्क्यावर पोरगा सापडला असता, तर लोक म्हणाले असते, नशीब! मास्तरांनी सुरुवातीचा तीन दाबला.

"लाईन बंद असेल ती," मावशी म्हणाली.

"वाजवून बघतो."

"शेजारच्यांचा देते ना. तो चांगला लागतो."

"अहो ताई, वेळ नाही मला," मास्तर जरा चिडलेच, आणि त्यांनी पुढचा आकडा दाबला.

मावशीनं उठून फोनची भिंतीतली तारच उपटली.

सगळं स्वयंपाकघर तिच्याकडे बघायला लागलं. भाची चहाचं भांडं हातात घेऊन ओट्याशी उभी होती.

"त्या नंबरावर बोलू नका," मावशी म्हणाली. "तो ऐकला जातो."

"कशावरून?"

"मी लावलाय चिमटा. माझ्या हातानं."

मग तिनं सगळं सांगितलं. शनिवार, चिठ्ठी, पट्टी, वरचा मजला. कुणाकडे बघितलं नाही, हातातल्या तारेकडे बघत सांगितलं.

"इतकी वर्षं झाली," अखेर मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "काढला असेल."

"चिठ्ठीवर 'लावा' यायचं, मास्तर. 'काढा' असं चौदा वर्षांत एकदाही आलं नाही."

मास्तर खाली बसले. "मी सात आठवडे लपलो होतो," ते म्हणाले. "घरी एकदाच फोन केला. मुलगा झाला का, विचारायला. झाला म्हणाली. मी म्हणालो, गुरुवारी मागच्या दारानं येतो. गुरुवारी ते मागच्या दाराशीच उभे होते. चार वर्षं मी तुरुंगात एकेका मित्राचं तोंड आठवत बसलो, यानं सांगितलं की त्यानं. शेजारच्या कोठडीतल्याशी तर मी आयुष्यभर बोललो नाही. गेला तो बिचारा." त्यांनी तळहातावरचे आकडे बघितले. "आणि तू इथे मला चहा पाजतेस."

ताईची तू झाली होती. मावशीला ते बरोबरच वाटलं.

"मग सोडलंस का?" भाचीनं विचारलं. भांडं अजून तिच्या हातातच होतं. "मला घेऊन पळालीस ते का?"

"एका शनिवारी चिठ्ठीवर आपल्या घरचा नंबर आला. तुझ्या आईचा. तो मी नाही लावला, आणि ते फार दिवस लपणार नव्हतं. तुझी आई म्हणाली, मला चालवत नाही, पोरीला घेऊन जा."

"तेवढा एकच नाही लावलास?"

मावशीला रडू आलं, पण रडायचा आपल्याला काय हक्क, असं वाटून तिनं ते गिळलं. "तेवढा एकच," ती म्हणाली.

भाचीनं भांडं ओट्यावर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. एकोणीस वर्षं जिच्यासाठी ती लोकांशी भांडली होती, तिच्याकडे तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

पण पोरगा अजून लपलेलाच होता, आणि पहाट कुणासाठी थांबत नाही. मावशीनं तार पुन्हा भिंतीत खोचली. "मास्तर, तुमच्या घराखाली शिलाई मशीन दुरुस्त करणारा होता. दोन आठ शून्य पाच. त्याला कधीच चिमटा लागला नाही. त्याचा फोन दुकानात मागच्या बाजूला आहे. वहिनींना खाली बोलवा म्हणावं, बाकी काही त्याला सांगू नका."

तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी आकडे दाबले, एकेक करून, तिच्याकडे न बघता. दुकानदार भेटला. तो वर हाक मारायला गेला. मग पलीकडून एका बाईचा आवाज आला आणि मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

ते चार मिनिटं बोलले. धक्का सांगितला, वेळ सांगितली, पोराला जाडे कपडे घालायला सांगितले. शेवटी नुसतं ऐकत राहिले, "हो," म्हणाले, "सांगतो," म्हणाले, आणि फोन ठेवला.

"ती विचारत होती, खालचा नंबर कुणी दिला," ते उठत म्हणाले. "मी म्हटलं, एक बाई आहे. ती म्हणाली, त्या बाईंचे पाय धरा माझ्या वतीनं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत." त्यांनी कोट घातला. बटणं लावायला त्यांना वेळ लागला. "निरोप होता, म्हणून सांगितला. हे तिचं झालं. माझं तुला काही नाही."

दारापर्यंत जाऊन ते वळले. "बाकीचे नंबर लिहून दे. सगळे. उद्या आणखी कुणी फिरवायच्या आत."

भाचीनं खणातून कागद काढून टेबलावर टाकला. मावशीनं पेन हातात घेतलं. ते नंबर तिनं जन्मात कधी कागदावर लिहिले नव्हते. पहिला लिहिला तो मास्तरांचा. मग एक वकिलाचा. तेवढ्यात रांगेतला सलूनवाला पुढे सरकला, आणि त्यात आपल्या आईचा नंबर येतोय का ते बघायला तिच्या खांद्यावरून वाकला. मावशीचं पेन थांबलं.

त्याच्या आईचा तिसरा होता. तिनं तो लिहिला.