लाल ठिपक्यांचे मासे

दीड महिन्यापूर्वी नंदुरबारच्या बाजारात मासळीच्या पाटीमागून हाक आली, "मास्तर, आमना बाबा गया." झिपरू भोयाची सून होती. एवढं सांगून ती भाव सांगायला वळली, कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं. आपल्या मरणाचा याहून मोठा समारंभ झिपरूलाही रुचला नसता...

समारंभांशी त्याचं वाकडं होतं, त्याला कारण होतं. सारंगखेड्याजवळ तापीकाठच्या एका गावात मी तेव्हा शाळेवर होतो. गावाबाहेर पाटलांचं तळं होतं आणि त्यातले मासे सांभाळायचं काम झिपरूकडे. एका उन्हाळ्यात बडे साहेब तळं पाहायला येणार असं कळलं. चावडीला चुना लागला, बैलांची शिंगं रंगली, पोरांना स्वागतगीत शिकवलं गेलं. गीत मी रचलं होतं. त्याबद्दल अधिक न बोललेलं बरं. पाटलांना तळ्यातही गर्दी हवी होती. साहेबांनी मूठभर चुरमुरे टाकावेत आणि पाणी उसळावं, अशी त्यांची कल्पना. तापीचा डोह आटत आला होता. तिथले मासे झिपरूनं दोन दिवस घागरींत कोंबून आणले आणि तळ्यात सोडले. साहेब आले, हार घेतला, तळ्याकडे पाठ करून दहा मिनिटं बोलले आणि गेले.

आठवड्याभरात मासे मरून वर येऊ लागले. आधी रोज थोडे, मग रोज जास्त. गावाला कारण लगेच सापडलं. तळोद्याकडचा रुपसिंग भिल्ल बायकोपोरांसह पाटलांच्या मळ्यात मजुरीला होता, आणि डोंगरातले लोक रानफळं कुटून ओढ्यात टाकतात, गुंगलेले मासे धरतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला चावडीच्या खांबाला बांधलं. दुपारी पोलिसांच्या हवाली करायचं ठरलं. तो आपल्या भाषेत कळवळून काही सांगत होता, आणि ज्यांना ती भाषा येत नव्हती ते सगळे, तो कबूल झाला, असं म्हणत होते.

तेवढ्यात झिपरू तळ्यावरून आला. टोपलीतले चार मेलेले मासे त्यानं पाटलांपुढे मांडले. अंगावर लाल ठिपके, एकाच्या कुशीत खोल जखम, परांच्या कडा झिजून चिंध्या झालेल्या.

"पाटीलबा, जहेरना मासाले अश्या जखमा नही ऱ्हातस. जहेर टाकं ते एक दिनमा बठ्ठा मरतस. हाऊ रोग शे."

"तुले कोनी इचारं?"

"कोनी नही. डोहमाच दोन-चार मासास्ना आंगवर लाल ठिपका व्हतात. मी देखात. तुम्हनी घाई व्हती... तरी मीच टाकात."

शेवटचं वाक्य गिळून तो घरी गेला असता तर त्याचं काहीच बिघडलं नसतं. पाटलांनी रुपसिंगला सोडलं. रागवायला आता अधिक सोयीचा माणूस मिळाला होता. तळ्याचं काम त्याच दिवशी झिपरूच्या हातून गेलं. उठताना तो एवढंच सांगून गेला, की निम्मे मासे काढा, मेलेले पाण्यापासून लांब पुरा, आणि इथलं जाळं कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालू नका. त्याच्या जागी आलेल्या माणसानं हे सगळं पाटलांच्या नकळत केलं. तळं वाचलं. झिपरू त्यानंतर नदीवरच राहिला.

बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात मी वाचलं, की या रोगाचे जंतू पाण्यात असतातच. गर्दी झाली, ऊन वाढलं, मासा खरचटला, की ते त्याला धरतात. मोठ्या उत्साहानं मी ते झिपरूला सांगितलं, जंतूचं लांबलचक नावही सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "नाव सापडनं का त्याले? बरं व्हयनं. आते मासा आयकतीन."

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. ओट्यावर रुपसिंग बसला होता. त्या उन्हाळ्यापासून तो दर बाजारच्या दिवशी डोंगरातून उतरतो आणि इथं घटकाभर बसतो, हे मला झिपरूच्या म्हातारीनं सांगितलं. काय बोलायचे दोघे, मी विचारलं. "काई नही," ती म्हणाली. "याले त्यानी बोली येत नव्हती, त्याले यानी. बसेत नि उठेत." तिनं लोटाभर पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं. तो ओट्याच्या अगदी टोकाला, अंग चोरून बसला होता. भिंतीला टेकायची चांगली जागा, झिपरूची, मोकळी होती. तिथं एक कोंबडी येऊन बसली. रुपसिंगनं तिला हलकेच हाकललं, आणि स्वतः टोकालाच बसून राहिला.