सरांची रिकामी पेटी

सरांच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी जळगावला, माझ्या खोलीत संगणकासमोर दात-ओठ खात बसले होते. उचलला आणि नेहमीसारखी सुरूच झाले, "हो सर, अजून गळतंच आहे! आता मी तरी काय करू?" पलीकडून सरांच्या बायकोचा, काकूंचा आवाज... "पोरी, तुना सर ग्यात वं." धुळ्याच्या घरी, झोपेतच गेले होते. आणि मी मेली त्यांच्या मरणाच्या फोनवरही भांडत होते.

शोकसभेत एका वक्त्याने त्यांना क्षेपणास्त्रांचे जाणकार करून टाकलं, दुसऱ्याने हवामानाचे. मी मागच्या रांगेत धुमसत बसले. अहो, पिंपळनेरहून आलेला हा माणूस अर्धं आयुष्य केळीच्या पानावर रेडिओलहरी सोडत बसला, त्याही संगणकातल्या संगणकात! पानात पाणी किती आहे ते पान न तोडता, दुरूनच कळावं, एवढाच ध्यास. माझं माहेर असोद्याचं, केळीतच वाढलेली मी, म्हणून भारावून त्यांच्याकडे पीएच.डी.ला नाव घातलं. तिथेच फसले.

काम सांगायला सोपं. संगणकात जागेची एक जाळी मांडायची, मधोमध पेटी आखायची, आणि तिच्या एका भिंतीतून सपाट लाट आत सोडायची. सपाट म्हणजे इतक्या लांबून आलेली की तिची आघाडी सरळ रेषेत असते. पलीकडच्या भिंतीवर तीच लाट तंतोतंत पुसून टाकायची. मग पेटीबाहेर दिसेल ते फक्त पानावर आपटून उधळलेलं. सरांचा नियम एकच: पान ठेवण्याआधी पेटी रिकामी चालवायची. पानच नाही, तर बाहेर काही दिसता कामा नये. पडदा काळाकुट्ट हवा.

लाट समोरून सोडली की पडदा काळा व्हायचा. तिरपी सोडली की पेटीच्या कोपऱ्यांतून निळसर रेघा झिरपायच्या. इतक्या फिकट की परीक्षकाच्या बापालाही दिसल्या नसत्या. सरांना दिसायच्या! चष्मा कपाळावर सारून, नाक पडद्याला टेकवून ते विचारायचे, "पेटी रिकामी शे ना? मंग हाई कोठून उनं?" मला काय माहीत कोठून आलं! प्रबंध टाइप होऊन पडलेला, बरोबरीच्या मुली डॉक्टर होऊन कॉलेजांत लागलेल्या, घरचे विचारून विचारून गप्प झालेले, आणि हे सहीच करायला तयार नाहीत. एकदा मी म्हणाले, "सर, पानाचा आकडा तर ठीक येतोय ना?" "येतोय," ते शांतपणे म्हणाले, "त्यातला पानाचा किती आणि आपल्या गळतीचा किती, तेवढं सांग." मी जास्तच चिडले. जळगावची बस लागेपर्यंत धुळ्याच्या स्टँडवर त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत उभी होते.

शेवटच्या भेटीत काकू भरीत-भाकरी वाढून आतून हाका मारत होत्या, आणि हे खुर्चीला चिकटलेले. "गळनं थांबू दे, मंग उठसू." भाकरी गार झाली, काकूंचा पारा चढला. सर मला म्हणाले, "तिरपी निघाली की लाट जाळीत जरा रेंगाळते. आपण तिला पुस्तकातल्या वेगानं पुसतोय. ती चालते तशी पूस." मी "बघते" म्हटलं. मनात म्हटलं, झालं, निघालं नवं खूळ.

नवे मार्गदर्शक मिळाले. सज्जन माणूस. "कोण बघतंय एवढं बारीक? देऊन टाका," म्हणाले आणि सहीला पेन उघडलंसुद्धा. इतकी वर्षं मला दुसरं काय हवं होतं? आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, जरा थांबता?" स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. घरी येऊन चरफडतच लाटेचा जाळीतला वेग काढला आणि पुसण्याच्या भिंतीवर तोच घातला. तिरपी लाट, रिकामी पेटी... पडदा काळा. मी किंचाळलेच. आणि सांगू कोणाला? नव्या सरांना चित्र पाठवलं, तर त्यांचं उत्तर, "मॅडम, फाइल उघडली नाही बहुतेक." कपाळ माझं!

सही झाली, प्रबंध गेला. पण राग काही जाईना, म्हणून परवा धुळ्याला गेले. खोली तशीच होती. संगणकावर टॉवेल घातलेला, खुर्ची नेहमीसारखी तिरकी. मोबाइलवरचं ते काळं चित्र काकूंपुढे धरलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"काहीज दिखत नही वं."

"हो काकू. काहीच दिसत नाही."

जेवणाच्या ताटावर वर्षानुवर्षं त्यांनी या गळतीशिवाय दुसरं काही ऐकलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "म्हंजे... थांबनं?"

मी मान हलवली.

काकू खुर्चीकडे वळल्या आणि चांगल्या खेकसल्या, "आयकं का? थांबनं! आते तरी जेवाले उठा..."