अश्रुसम्राटाचा डोळा

वडशाच्या नाटकवाल्यांत भैयाजींना अश्रुसम्राट म्हणत. ही पदवी कोणी दिली याचा शोध घेतला, तर तो त्यांनी स्वतःच छापून घेतलेल्या पत्रकापाशी जाऊन थांबतो. पण लोकांनी ती मानली, हेही खरं. धान घरात आलं की झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागतात, आणि लेकीची पाठवणी करणारा बाप हवा तर भैयाजीच. त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं की मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावत.

"रडणं शिकवून येत नाई, बापू," ते नव्या नटांना सांगत. "ते काळजातून येते."

हे काळीज एका डबीत होतं आणि डबी त्यांच्या बायकोच्या, गुणाबाईंच्या पिशवीत. उपरण्याच्या टोकाला बाम चोळून देणं हे लग्नापासूनचं त्यांचं काम. नवराबायकोपलीकडे हे कोणाला ठाऊक नव्हतं.

यंदा मळणीत धानाचं कुसळ भैयाजींच्या उजव्या डोळ्यात गेलं. आधी एरंडेल झालं, मग एका बुवाची फुंकर झाली, आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागल्यावर ते डोळ्यांच्या डॉक्टर मदीहा यांच्याकडे गेले. जखमेत बुरशी शिरली होती.

"साधे थेंब तासातासाला घालावे लागतात. जमेल?"

"मी कलावंत आहो, मॅडम. घड्याळ नाई."

डॉक्टरांनी चाचणीसाठी आलेलं नवं औषध सुचवलं. ते पॉलिमरच्या नॅनो कणांत भरलेलं होतं. कण इतके बारीक, की तांदळाच्या पिठाच्या एका कणात लाखो मावावेत. ते डोळ्याला चिकटून बसतात, हळूहळू विरतात आणि औषध दिवसभर झिरपत राहतं. सकाळी एक थेंब, बस्स.

"मात्र झोंबेल असं काही लावायचं नाही आणि रडायचं नाही. पाण्याचा लोंढा आला की चिकटलेले कणही वाहून जातात. जखम वाढली तर नजर जाईल."

भैयाजींनी संमतीची सही झोकात केली. 'नॅनो' हा शब्द त्यांना फार आवडला. चौकात त्यावर व्याख्यानं झाली आणि मांडवात पाठवणीही नेहमीसारखी धो धो झाली.

पुढच्या तपासणीला ठिपका मोठा झालेला होता.

"बाकी सगळ्यांच्या डोळ्यांत हे औषध टिकतंय," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याच डोळ्यातून कसं वाहून जातं?"

"भावना आवरत नाई, मॅडम," भैयाजी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत म्हणाले. "औषध जरा कच्चं दिसते."

"आणखी थोडे दिवस असंच चाललं, तर हा डोळा माझ्या हातात राहणार नाही."

बाहेर पडल्यावर गुणाबाई म्हणाल्या, "अजी, बामाचं काऊन सांगितलं नाई?"

"जन्माची इज्जत बामाच्या डबीत घालू?"

"मंग डोळा घाला."

पुढचं नाटक सावली गावाला होतं. गुणाबाईंनी घडी घातलेलं उपरणं हाती दिलं. पाठवणी आली. लेक झालेली रश्मी पायाशी वाकली. भैयाजींनी उपरण्याचं टोक डोळ्याला लावलं. साबणाचा वास आला. दुसरं टोक लावलं. तेही धुतलेलं! डोळे कोरडे ठणठणीत.

रश्मीनं थोडी वाट पाहिली आणि पाठ केलेलं वाक्य टाकलं, "बाबा, रडू नका ना!"

"रडते कुठी तो?" मागून कोणीतरी ओरडलं.

मांडव हसला. भैयाजी गर्रकन वळले, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि उपरण्यात तोंड खुपसून बायकोला शिव्या हासडू लागले. रागानं त्यांचे खांदे गदागदा हलत होते. मांडव गप्प झाला. मग पहिल्या रांगेत हुंदका फुटला, आणि बघता बघता सगळे पदर वर गेले.

उरलेला हिवाळा भैयाजींनी पाठमोरं रडून काढला. गुणाबाईंना कोणी काही विचारलं नाही. डोळा वाचला, बुबुळावर बारीकसा डाग तेवढा राहिला. डॉक्टरांनी औषधाच्या खात्यात एक यश मांडलं.

भैयाजींनी मात्र ते स्वतःच्या खात्यात घेतलं. नव्या नटांना ते आता सांगतात, "बाम लावून रडते तो कलावंत नाई. माह्या डोळ्यात पॉलिमर आहे. आसवं आत पुडीत बांधून राहतात, कामापुरती सुटतात."

"सोडा ना मंग एक थेंब, भैयाजी," लाउडस्पीकरवाला कय्यूम म्हणाला. "आमी बी पाहू."

भैयाजींनी त्याच्याकडे पाठ केली.