विरुद्ध जाणारा निकाल

त्या वर्षी मी जालना रोडवरच्या हायकोर्टात एका सरांकडे ज्युनिअर होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून इंग्रजीतले निकाल शोधायचं काम माझ्याकडे आणि बोलायचं सरांकडे. मला ते सोयीचं होतं.

सिल्लोडकडच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मालकांची केस होती. कापसाच्या धुळीची तक्रार झाली आणि अधिकाऱ्यांनी नोटीस न देता, ऐन हंगामात जिनिंगला सील ठोकलं. कारखानदाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय कारखाना असा बंद करता येत नाही, हा आमच्याच हायकोर्टाचा जुना निकाल मी शोधून दिला होता. त्याच्या जोरावर आज सीलला स्थगिती मिळेल, असं सरांनी मालकांना सांगितलं होतं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या थांबल्या होत्या. आज सील निघालं नाही तर त्या दुसऱ्या जिनिंगला जाणार होत्या.

आमचा नंबर सतरा. बोर्डावर अकरा चालू होता. मी सवयीनं फोनवर हायकोर्टाची साइट उघडली. दोन न्यायमूर्तींचा, चारच दिवसांपूर्वीचा निकाल: अपिलाची सोय असेल तर कारखानदारानं थेट हायकोर्टात येऊ नये. अपील म्हणजे महिनाभर तरी गेलाच.

सरकारी वकिलांच्या टेबलावर आमची याचिका सोडून दुसरा कागद नव्हता.

सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आपल्या विरुद्ध जाणारा निकाल माहीत झाला तर तो आपणच कोर्टापुढे ठेवायचा. पण सरांना तो माहीत नव्हता. मला होता, आणि मी गप्प बसले असते तर कोणालाही वेगळं वाटलं नसतं.

बोर्डावर चौदा आला. मालक मागच्या बाकावरून वाकले. "काय झालं ताई? तोंड का उतरलं?"

"काही नाही."

"आपला निकाल लई जोरात हाय ना?"

मी मान हलवली. कशाला हलवली, ते अजून कळत नाही.

पंधरा पुकारला तेव्हा मी चिठ्ठी लिहून सरांच्या हाताखाली सरकवली. त्यांनी ती वाचली. मागं न बघता पुटपुटले, "पूर्ण वाचलास?"

"वाचतेय."

"त्यात नोटीस दिली होती का, तेवढं बघ."

सोळा दोन मिनिटांत संपला. बाराव्या परिच्छेदात सापडलं: तिथं दोन नोटिसा दिल्या होत्या. मी त्या ओळीवर बोट ठेवून फोन पुढं केला आणि सतरा पुकारला गेला.

सरांनी नवा निकाल स्वतःच सांगितला. सरकारी वकिलांनी चमकून वर पाहिलं आणि ते लगेच उभे राहिले, "माय लॉर्ड, हाच आमचा मुद्दा आहे." सर म्हणाले, तिथं नोटीस होती, इथं नाही. न्यायमूर्तींनी बराच वेळ पानं उलटली. स्थगिती दिली नाही. अधिकाऱ्यांनी सोमवारी मालकांचं म्हणणं ऐकावं आणि त्याच आठवड्यात निर्णय द्यावा. तोवर सील कायम.

व्हरांड्यात मालक माझ्यासमोर उभे राहिले. "त्या सरकारी वकिलाला म्हाईत नव्हतं. म्या बघत व्हतो. तुम्ही कोणाच्या वकील हाय, ताई?"

"मला विचारा," सर म्हणाले.

"तुम्हाला नाय विचारत, साहेब. चिठ्ठी तुम्ही नाय लिव्हली."

"तुमचीच," मी म्हणाले. आवाज इतका बारीक होता की त्यांना ऐकू गेला का, कोण जाणे.

ते जिन्यापाशी गेले आणि फोन लावला. "सोडा गाड्या. व्हय, समद्या. जाऊ द्या म्हन्लं ना." परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"सोमवारी काय काय कागद लागतील?"

मी परवान्यापासून सांगायला सुरुवात केली. त्यांनी याचिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.