नामदेवचे तांब्याचे पत्रे

नामदेव गेल्याचं मला तेरवी उलटल्यावर कळलं. पोंभुर्ण्याहून चांद्याच्या बाजाराला आलेल्या कुणीतरी शाळेच्या फाटकाशी सहज सांगितलं, "मास्तर, तुमचा तो चित्रवाला दोस्त गेला ना..." मी मिळेल ती मोटार पकडली. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला धास्ती वाटली ती त्याच्या पत्र्यांची.

नागपूरला आम्ही बरोबरच चित्रकला शिकलो. तांब्याच्या पत्र्यावर मेण लावून चित्र कोरायचं, मग तेजाबानं रेघ खायला लावायची, तीत शाई भरून कागदावर छाप काढायचा, ही विद्या तिथलीच. मी ती परीक्षेपुरती शिकलो आणि मास्तरकी धरली. नामदेव मात्र ते वेड गावी घेऊन आला. तिथं कुठलं आलंय छापयंत्र! त्यानं उसाच्या जुन्या चरकाचे लोखंडी रूळ आडवे बसवले, त्यांत घोंगडीची घडी घातली. मेण आणि राळ जंगलातली, तेजाब सोनाराकडचं. कागद फाटले, बोटं भाजली, घरच्यांनी डोक्याला हात लावला. मग एकदा कागद उचलला, तर मोहाखाली वाकून फुलं वेचणारी त्याची आई जशीच्या तशी उमटली होती.

कागद हलका, पावसाळ्यात वाळवी छाप खाऊन टाकायची. त्याची त्याला फिकीर नव्हती. "पत्रा आहे तवरीक चित्र आहे, गड्या. चांगला कागद भेटला का पुन्हा काढू..."

ओसरीवर त्याचे थोरले भाऊ बसले होते. मी पत्र्यांचं विचारलं.

"आधी चिंच लावून घासले, मास्तर. पण ते ओरखडे काई निघेनात. मंग कासाराले देऊन पाण्याचे गडवे करून घेतले. त्याचं नाव घालून तेरवीले सोयऱ्यायले वाटले. त्याचंच तांबं, त्याच्याच नावानं गेलं. चांगलं झालं ना?"

त्यांची गचांडी धरावीशी वाटली. पण रडून रडून त्या माणसाचे डोळे सुजले होते. कुणी वाईट वागलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. जिवंतपणी ज्याचं एक चित्र कुणी भिंतीला लावलं नाही, तो आता घरोघरी पोचला होता.

माझ्यासाठीही त्यांनी एक गडवा राखून ठेवला होता. रोज सकाळी मी त्यातलं पाणी पितो. कधी आतून बोट फिरवतो, एखादी रेघ लागते का म्हणून... कासारानं काम चोख केलंय. पाणी मात्र गोड लागतं, आणि त्याचाच मला संताप येतो.