मोजायला मीच सांगितलं होतं

कर्जत-खालापूर भागातल्या एका कॉलेजात मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. यंदा तिथं नव्या मतदारांची नावनोंदणी होती, म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलं. बोलणं संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, आम्ही गावच्या ग्रामसभेत प्रश्न विचारला आणि तक्रार आली, तर कॉलेज आमच्या बाजूनं उभं राहील का?"

मी पाणी प्यायलो. "विचारत राहा," असं काहीतरी म्हणालो. टाळ्या पडल्या. खरं उत्तर मला ठाऊक होतं, कारण एकदा ते मीच दिलं होतं.

तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. वर्गात कडाव, पोशीर, खालापूरकडची मुलं. मी त्यांना पंधरा ऑगस्टला आपापल्या गावच्या ग्रामसभेला जायला सांगितलं. सभेला पुरेशी माणसं जमत नाहीत, म्हणून काही गावांत पंचायतीचा शिपाई आधीच हजेरीची वही घेऊन घरोघर फिरतो. लोक ओट्यावर सही करतात आणि कामाला लागतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मी म्हणालो, "बसलेली डोकी मोजा. मग वहीतल्या सह्या मोजा. फरक का, ते विचारा."

मुलं हसली. बहुतेकांनी 'सभा शांततेत पार पडली' एवढंच लिहून आणलं.

एकीनं मात्र मोजलं. समोर एकतीस माणसं, वहीत शंभराच्या वर सह्या. ती भर सभेत उभी राहून म्हणाली, "यात माझ्या आईची सही आहे. आई आत्ता शेतात तण काढतेय."

दोन दिवसांत गावातून संस्थेच्या एका विश्वस्तांना फोन गेला. प्राचार्यांनी तिला वडिलांसह बोलावलं, आणि मलाही. वडील कामावरून तसेच आले होते, हातात हेल्मेट.

"हे तुम्ही सांगितलं होतं?" प्राचार्यांनी मला विचारलं.

"हजर राहायला सांगितलं होतं," मी म्हणालो. "मोजायला नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "सर, वर्गात..." एवढं म्हणून थांबली.

"सरांकडं काय बघतीस?" वडील म्हणाले. "माफी लिही."

तिनं लिहिली. पुढे वर्षभर ती माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसायची, जाताना 'येते सर' म्हणायची. तोंडी परीक्षेत मी तिला सढळ हातानं गुण दिले आणि तेवढ्यावर स्वतःची समजूत घातली.

यंदा मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं विचारल्यावर मात्र राहवेना. चौकशी केली. माफी लिहिणारी माझी ती विद्यार्थिनी आता खोपोलीत एका दवाखान्यात नोकरी करते, रविवारी माहेरी येते. मी रिक्षानं त्या गावी गेलो. अंगणात आई सुपात वाल निवडत होती. शेजारी ती, मांडीवर लेक. मी बसलो आणि चहा यायच्या आत सांगून टाकलं.

"त्या दिवशी मी खोटं बोललो. मोजायला मीच सांगितलं होतं."

ती हसली. मग हसू विरलं. "सर, मी इतकी वर्षं धरून चालले होते, की तुम्ही विसरलात. घरीही मी तेच सांगायचे. सरांचं वय झालंय, म्हणून."

"अठ्ठावन्न होतं."

"आम्हाला तेव्हा ते फारच वाटायचं."

आईनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे ही खरं बोलत व्हती? आनि मी हिला लबाड म्हनले. सर कशाला खोटं बोलतील, म्हनले."

"एकदा नाही, महिनाभर म्हणत होतीस. मावशीला फोन करून पण."

"गप गं." आईनं पदरानं तोंड पुसलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो तिथंच ठेवून मला म्हणाली, "हिचा बाप आजून तसंच मानतो. माज्या तोंडचं त्याला पटायचं नाय. तुमी लिवून द्या, सर."

नातीच्या वहीतलं पान मिळालं. मी लिहिलं, तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं. "सह्या मोजण्याची सूचना मीच दिली होती. प्राचार्यांसमोर ते सांगायचे अनवधानाने राहून..."

ती थांबली. "सर, हा शब्द काढा."

"कोणता?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"अनवधानाने."

आवाजात राग नव्हता. दवाखान्यात एखाद्या म्हाताऱ्याला गोळी घ्यायला सांगताना ती अशीच बोलत असेल. मी ते वाक्य खोडलं. खाली लिहिलं, 'प्राचार्यांसमोर मी ते नाकारले, कारण मी घाबरलो होतो.' सही केली, तारीख घातली.

"आता वाच," आई म्हणाली. "सगळं वाच. पयल्यापासनं."

ती आईला टेकून बसली आणि वाचू लागली.