नंदूने पेज सोडली

नंदू परब माझ्या हाताखाली लिफ्टचं काम शिकला. मी निवृत्त झालो. तो अजून घाटकोपरमध्ये दुरुस्तीचं काम करतो. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचं वजन एकशे एकतीस किलो होतं. तपासणीत यकृतावर चरबी निघाली, आणि यकृत कडक होऊ लागलं होतं. तो कडकपणा मोजतात. निरोगी माणसाचा आकडा सहाच्या आत-बाहेर असतो, नंदूचा तेरा होता. तो राहतो त्या भटवाडीत कुजबुज झाली, की हा चोरून पितो. नंदूने दारूला कधी हात लावलेला नाही. डॉक्टर म्हणाले, वजन आत्ता उतरलं तर यकृत सुधारेल. उशीर झाला तर कठीण आहे.

ऑपरेशन करून जठर लहान केलं. तीन महिन्यांत चोवीस किलो गेले. लोक म्हणाले, ऑपरेशनची कमाल. चौथ्या महिन्यात काटा एकशे सातवर अडला आणि जिन्यावर नंदूचे पाय लटपटू लागले.

मी घरी गेलो तेव्हा तो पेज पीत होता. त्याची बायको रुक्मिणी मालवणची. आजाऱ्याला पेज द्यायची, एवढंच तिला माहीत. पण पेज लहान पोटातून सरकन जायची आणि दोन तासांत पुन्हा भूक. दिवसाला पाच वाट्या होत होत्या, आणि अंगाला ताकद देईल असं त्यात काहीच नव्हतं.

"आहारवाल्या बाईंनी काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"आधी अंडं, मासा, डाळ. उरलेल्या जागेत भात."

"मग?"

"भाऊ, चावून चावून जबडा दुखतो. पेज पटकन होते."

"लिफ्टचा दोर असाच पटकन बसवतोस का रे?"

त्याने वाटी खाली ठेवली.

"माका कोणी सांगूक नाय," म्हणत रुक्मिणीने वाटी उचलली.

दुसऱ्या दिवसापासून उकडलेलं अंडं, बांगडा, मुगाचं घट्ट वरण. अर्ध्या वाटीला पाऊण तास. जेवताना पाणी नाही. सकाळी वस्तीमागच्या टेकडीच्या पायऱ्या, आधी साठ, मग दोनशे. मी खाली बसून मोजायचो. दहा कमी भरल्या तर परत पाठवायचो. गणेश चतुर्थीला त्याने अर्धा मोदक खाल्ला, आणि पायऱ्या नेहमीएवढ्याच चढला.

ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा वजन शहाऐंशी होतं. यकृताची चाचणी पुन्हा झाली. मी आणि रुक्मिणी बाहेर बाकावर होतो. नंदू कागद घेऊन आला. आकडा सहा पूर्णांक एक दशांश. मी दोनदा वाचला.

रुक्मिणीने तिथूनच गावी फोन लावला आणि मोठ्याने आकडा सांगत सुटली. नंदू तिला हळू बोल म्हणत होता, पण थांबवत नव्हता.